शेवग्याला बांधलेली चिंधी

द्राक्षं आली की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझ्या पोटात गोळा येतो.

माघ सरत आला की नाशकात हे सुरू होतं. सकाळी स्वेटर, दुपारी पंखा. गंगापूर रोडच्या कडेला हातगाड्या लागतात. गाडीवाला घडांवर पाणी शिंपडतो आणि एक मणी पुढे करतो, "चाखून तर बघा ताई, साखर आहे साखर." मी विचारते, कुठल्या बागेची? तो सांगतो, दिंडोरीची. मी विचारते, शेवटची फवारणी कधी झाली? त्यावर तो माझ्याकडे असं बघतो, जणू मी त्याच्या घरातलं काहीतरी खाजगी विचारलं. नवरा शेजारी उभा असतो. पूर्वी तो हसायचा. आता मणी गाडीवाल्याच्या हातात परत ठेवतो आणि म्हणतो, "राहू द्या दादा, हिला सर्दी आहे."

मी मुळातच घाबरट. घरातून निघताना गॅसचं बटण तीनदा बघते, कुलूप ओढून बघते, जिना उतरल्यावर परत चढून एकदा ओढते. माझा धंदा मात्र असा की घाबरटपणाला तिथे अनुभव म्हणतात. मी संगणकावरच्या माहितीच्या व्यवस्था उभ्या करते. म्हणजे आधी कागदावर घर आखायचं, त्यात खोल्या पाडायच्या, कुठल्या खोलीतून कुठे दार असावं ते ठरवायचं आणि मग डोळे मिटून विचार करायचा की यातली कुठली भिंत कधी पडेल. हे शेवटचं काम मला छान जमतं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

गेल्या आठवड्यात सुंदराबाईचा फोन आला. सुंदराबाई सुरगाण्याकडची, द्राक्षतोडणीच्या टोळीची मुकादम. फोनवर ती नमस्कार वगैरे करत नाही.

"ताई, टोळी आली. सोमवारी पयली तोड. येताव ना?"

"येते ना," मी म्हटलं.

"या. तुमच्याबिगर सुरू नाय करायची," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

कुणाला वाटेल, काय हा जिव्हाळा. जिव्हाळा आहेही थोडा. पण ती मला बोलावते त्याचं कारण वेगळं आहे. पाच हंगामांपूर्वी मी आखलेल्या एका व्यवस्थेनं या बाईचा जीव जवळजवळ घेतला होता. सोमवारपर्यंत आता माझी झोप गेली.

तो हंगाम आठवायचा म्हणजे मला आधी ऑफिसातली पांढरी भिंत आठवते. त्या भिंतीवर मी निळ्या पेननं चौकोन काढले होते. द्राक्ष बागायतदारांच्या एका गटाचं काम होतं. त्यांची तीन केंद्रं, वणी, सिन्नर आणि सटाणा. निर्यातीचा माल, त्यामुळे कुठल्या बागेत कधी काय फवारलं, किती दिवस झाले, तोड कधी करता येईल, कुठला क्रेट कुठल्या बागेचा, हे सगळं नोंदलेलं हवं. त्यापूर्वी ते सगळं एका मोठ्या प्रोग्रॅममध्ये कोंबलेलं होतं आणि वणीची वीज गेली की सटाण्याचं काम थांबायचं. मी म्हटलं, आपण ते तोडू. फवारणीचं एक मॉड्यूल, तोडणीचं एक, प्रतवारीचं एक, गाड्यांचं एक. प्रत्येकानं आपलं काम बघायचं, दुसऱ्याच्या खोलीत डोकावायचं नाही. तोडणीनं फवारणीला एवढंच विचारायचं, "ही बाग मोकळी आहे का?" आणि फवारणीनं उत्तर द्यायचं, हो किंवा नाही. का, कसं, कुठलं औषध, याच्याशी तोडणीला देणंघेणं नाही. आणि तिन्ही केंद्रं आपापल्या पायावर उभी. शेतकऱ्याच्या फोनला रेंज नसली तरी त्याला नोंद करता आली पाहिजे, रेंज आली की ती नोंद आपोआप केंद्रात जाईल, एका केंद्रातून दुसऱ्यात जाईल. एक बंद पडलं तरी बाकीच्यांचं अडायला नको.

त्या चौकोनांवर माझं फार प्रेम होतं. भिंतीसमोर चहा पीत मी त्यांच्याकडे बघत बसायचे. एकही बाण दुसऱ्या बाणाला छेदत नव्हता.

एक प्रश्न राहिला होता. एकाच बागेबद्दल दोन फोनवरून दोन वेगळ्या नोंदी आल्या तर? एक फोन दिवसभर रानात रेंजबाहेर, दुसरा वणीच्या चौकात. दोघांची गाठ पडेल तेव्हा खरं कोणाचं मानायचं? आमच्या धंद्यात याला एक सोपं उत्तर आहे. ज्याची नोंद शेवटची, ती खरी. आधीची पुसायची. पुष्कळ ठिकाणी चालतं ते. माणूस आपली चूक दुरुस्त करतो ती नंतरच, नाही का? पाच मिनिटांत तो प्रश्न मी सोडवला होता. मला ती पाच मिनिटं आठवतात. बाहेर कुणीतरी समोसे आणले होते आणि मला ते गार व्हायच्या आत संपवायचे होते.

आखणी करण्याआधी माणसांशी बोलायचं, त्यांना काय हवंय ते समजून घ्यायचं, ही आमच्या विद्येची पहिली पायरी. ती मी चुकवली नव्हती. चुकवली असती तर आज जरा बरं वाटलं असतं. दिवाळीनंतर दीड महिना मी दिंडोरी, वणी, सिन्नर फिरत होते. ओट्यांवर बसून फॉर्म भरून घेत होते.

वणीच्या अलीकडच्या एका गावात दौलतराव आणि रामनाथ हे दोघे भाऊ. थोरल्या दौलतरावांच्या मिशा पांढऱ्या, आवाज मोठा. धाकटा रामनाथ खांबाला टेकून उभा, बोलायचं असेल तेव्हा आधी भावाकडे बघणारा. मी विचारलं, "बागा किती तुमच्या?"

"एकच," दौलतराव म्हणाले. "एकच गट नंबर, एकच बाग. आमी काय येगळं हाय का?"

रामनाथनं मान हलवली. मी फॉर्मवर एक आकडा लिहिला.

आतून चहा आला. दौलतरावांच्या बायकोनं आणला, गुळाचा, आलं घातलेला. तो प्यायला. कप खाली ठेवला तर पलीकडच्या दारातून रामनाथची बायको मंगल दुसरा चहा घेऊन आली, साखरेचा, वेलची घातलेला. मी म्हटलं, "अहो, आत्ताच झाला." ती म्हणाली, "तो तिकडला. आमचा नाय घेणार का?" मी तोही प्यायले. वर मनात म्हटलं, काय अगत्य आहे!

मी माळ्याची पोर. मखमलाबादच्या मळ्यात वाढलेली. माझ्या चुलत्यांच्या घरी मी अशीच दोन-दोन चहा पीत आले. एका घरात दोन चहा येतात तेव्हा त्याचा अर्थ काय, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. दौलतरावांच्या घरात दोन चुली होत्या. वाटणी झालेली होती, फक्त कागदावर झालेली नव्हती. दोघा भावांची आई हयात होती, तिच्यासमोर तो विषय नको म्हणून सात-बारा एकच ठेवलेला. आणि परक्या बाईसमोर, तेही फॉर्म घेऊन आलेल्या, "आम्ही वेगळे झालो" असं कोण बोलेल? बोलत नाहीत. आमच्याकडेही कुणी बोललं नसतं. बागेत दोघांच्या मधोमध शेवग्याच्या झाडांची एक रांग होती. अलीकडे दौलतरावांचं, पलीकडे रामनाथचं. दौलतरावांची छाटणी आधी, रामनाथची तीन आठवड्यांनी. सगळ्या गावाला ठाऊक होतं. माझ्या व्यवस्थेला ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी तो एक गट नंबर, एक बाग आणि त्या बागेत नोंदी करणारे दोन फोन.

दोन चहा पोटात घेऊन मी तिथून निघाले आणि मला काहीही कळलं नाही. अजूनही कुणी दुसऱ्यांदा चहा विचारला की मी आधी दुसरं दार कुठे आहे ते बघते.

हंगाम लागला. व्यवस्था सुरू झाली. पहिले पंधरा दिवस इतके सुरळीत गेले की मला त्याचीच भीती वाटायला लागली. सटाण्याचा माल आधी तयार होतो, तो गेला. सिन्नरचा सुरू झाला. पडद्यावर बागा एकेक करून हिरव्या होत होत्या. हिरवी म्हणजे मोकळी, तोडा. लाल म्हणजे औषध मारलंय, आत जाऊ नका. मी दिवसातून वीसदा तो नकाशा उघडायचे. लेकीला शाळेत सोडताना सिग्नलला उघडायचे. माझ्या आईला वाटलं मला कुणाचे तरी मेसेज येतात.

मग ती सकाळ. साडेआठ वाजले असतील. मी पोळ्या लाटत होते. फोनवर अनोळखी नंबर होता, आवाज मंगलचा होता. ती सटाण्याकडची, माहेरच्या लग्नाला गेली होती नवऱ्याबरोबर, आणि घाबरल्यामुळे तिची माहेरची बोली बाहेर आली होती.

"ताई, आमना बागमा टोळी घुसनी म्हणतस. त्यासनी काल सांजले फवारा मारेल शे. वावरमा कोणी जावाले नको!"

काल संध्याकाळी फवारणी? मी एका हातानं नकाशा उघडला. दौलतराव-रामनाथ यांचा गट नंबर. हिरवा. स्वच्छ हिरवा. मी क्षणभर, आणि हे मला कबूल केलंच पाहिजे, मंगल चुकतेय असं समजले. पडदा खरा वाटला मला. तव्यावरची पोळी जळली तेव्हा भानावर आले आणि पॅकहाउसला, म्हणजे माल निवडून भरतात तिथे, फोन लावला. लागेना. दौलतरावांना लावला. ते पहिल्या गाडीबरोबर पॅकहाउसला गेले होते, त्यांचा फोनही लागेना. सुंदराबाईचा नंबर माझ्याकडे नव्हता. टोळीच्या माणसांचे नंबर कुठल्याच मॉड्यूलमध्ये मी ठेवले नव्हते. त्यांची गरज काय, असं वाटलं होतं.

गाडी काढली. दिंडोरी रोडला त्या वेळी द्राक्षाच्या पिकअप गाड्यांची रांग असते. प्रत्येक गाडीमागे थांबताना मी मोठ्यानं बोलत होते, काय ते आठवत नाही. देवाला बोलत असेन. उजव्या अंगाला सप्तशृंगीचा डोंगर दिसायला लागला तरी मी हात जोडले नाहीत, स्टिअरिंग सोडायची भीती वाटली.

बागेत पोचले तेव्हा बायका बांधावर बसल्या होत्या. दहा-बारा जणी, कात्र्या मांडीवर. क्रेट रिकामे. मला वाटलं, सुटलो. थांबल्या आहेत, आत गेल्याच नाहीत. मग त्यांच्यातली एक म्हणाली, "मुकादमीणला वणीला नेली."

काय झालं ते तिनं सांगितलं. दौलतरावांच्या ओळी तोडून झाल्या होत्या. शेवग्याच्या रांगेपाशी आल्या तर शेवटच्या शेवग्याला चिंधी बांधलेली. लाल लुगड्याची. सुंदराबाईनं सगळ्यांना तिथेच थांबवलं. चिंधी म्हणजे औषध मारलंय, हे लहान पोरालाही कळतं. तिनं पॅकहाउसच्या सुपरवायझरला फोन केला. त्यानं पडदा बघितला आणि सांगितलं, हिरवं आहे, मोकळं आहे, जुनी चिंधी असेल, चालू द्या. गाडी थांबली आहे.

"मंग तिनं चिंधी सोडली," ती बाई म्हणाली. "म्हणली, फोनात दिसतंय तर आसंल खरं."

सुंदराबाईची एक पद्धत आहे. नव्या ओळीत टोळी घालायच्या आधी ती एकटी आत जाते. चार झाडं हलवून बघते, पानं उलटी करून बघते, तीन-चार ठिकाणचा मणी तोंडात टाकते, गोडी उतरली की नाही बघायला. मग हाक मारते. त्या सकाळी दव भरपूर होतं. पानं ओली, तिचे हात कोपरापर्यंत ओले. रामनाथचे मणी अजून आंबट होते, म्हणून ती आणखी आत गेली, आणखी चाखत. अर्ध्या तासानं बाहेर आली तेव्हा डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ. बांधावर ओकली आणि आडवी झाली. हाक तिनं मारलीच नाही. म्हणून बाकीच्या वाचल्या.

चिंधी तिथेच मातीत पडली होती. मी ती उचलून खिशात घातली. का, ते ठाऊक नाही.

वणीच्या दवाखान्यात त्या दिवशी मी सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत बसले. सलाईन लावलेलं, इंजेक्शनं चाललेली. डॉक्टर तरुण होते, घाईत होते, म्हणाले, "वेळेत आणलंत. पण आज रात्रीपर्यंत काही सांगत नाही." बाकावर सुंदराबाईचा नवरा बसला होता, पायांत चप्पल नाही, हातात तिच्या बांगड्यांची पुडी. नर्सनं काढून दिलेल्या. तो मला म्हणाला, "तुमी बसा ताई, बसा," आणि मला जागा करून दिली. मला त्या माणसानं ओळखलं नव्हतं. त्याला वाटलं असेल, कुणी पाहुणी असेल पलीकडच्या खाटेची.

दुपारी दौलतराव आले, मागोमाग सटाण्याहून रामनाथ. दवाखान्याच्या आवारात दौलतराव भावावर तुटून पडले. "नोंद का केली नाय रे? मशीन फुकट बसिवलंय का? बाई मेली आसती!"

"केली होती दादा," रामनाथ म्हणाला. "औषध मारलं आन लगीच केली. चिंधी बी बांधली."

"मंग कुठं हाय? दाव! सायबानं बगितलं, हिरवंच हाय."

रामनाथनं फोन पुढे केला. त्याच्या पडद्यावरही हिरवं होतं. तो पडद्याकडे बघत राहिला आणि मग स्वतःवरच शंका आल्यासारखा हळूच म्हणाला, "केली होती म्या. का राहिली काय म्हाईत."

मी त्याच्या हातातून फोन घेतला. पडद्याच्या मागे, जिथे कुणी बघत नाही तिथे, आमची व्यवस्था प्रत्येक हालचाल लिहून ठेवते. ते पान मी उघडलं. संध्याकाळी सहा वाजता रामनाथची नोंद, फवारणी केली. केंद्रात पोचली, बाग लाल झाली. त्यानंतर तासाभरानं दौलतरावांची नोंद, बाग तयार, शेवटच्या फवारणीला चाळीस दिवस झाले. तीही खरी होती, त्यांच्या बाजूपुरती. दोन्ही नोंदी एकाच गट नंबरच्या. शेवटची ती खरी. आधीची पुसली. बाग हिरवी.

त्या आवारात हे पान वाचता येणारी मी एकटी होते. फोन परत दिला असता तर रामनाथनं स्वतःच मान्य केलं असतं की आपलंच राहिलं असेल. अर्धं कबूल तर तो करूनच बसला होता. हा विचार माझ्या मनात आला नाही असं मी म्हणणार नाही. आला. चांगला मिनिटभर राहिला. मिनिटभर मी एका निर्दोष माणसाकडे बघत उभी होते आणि गप्प होते.

मग म्हटलं, "दौलतराव, त्यानं केली होती नोंद. मी पुसली. माझ्या प्रोग्रॅमनं पुसली."

त्यांना ते समजायला वेळ लागला. समजल्यावर रामनाथ खाली बसला, भिंतीला टेकून, आणि डोळे पुसायला लागला. थोड्या वेळानं दौलतराव मला म्हणाले, "चूक आमची बी हाय. आमी तुमाला एक बाग म्हणलो." ते बोलताना ते भावाकडे बघत नव्हते.

सुंदराबाई दुसऱ्या दिवशी दुपारी उठून बसली. मी तिच्यापुढे सगळं सांगितलं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. ती ऐकत होती. मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं. माफ करा."

"म्या आयुष्यात कोनाची चिंधी सोडली नव्हती," ती म्हणाली. "माज्या हातानं सोडली. फोनात दिसलं म्हनून."

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

नोकरी सोडायचं मी ठरवलं होतं. चार दिवस घरात बसून राहिले. पाचव्या दिवशी मखमलाबादला गेले. अण्णा, माझे वडील, मेथीच्या वाफ्यात होते. अण्णांनी आयुष्यभर झेंडू आणि पालेभाज्या केल्या. मी काय काम करते ते त्यांना नीटसं कळलेलं नाही. मी त्यांना चिंधी दाखवली आणि झालेलं सांगितलं. त्यांनी चिंधी हातात घेऊन बघितली.

"सोडली कोणी?"

"मुकादम बाईनं."

"बांधली कोणी?"

"रामनाथनं. मालकानं."

"मग तिनं कशी सोडली?" अण्णा म्हणाले. "ज्यानं बांधली त्यानंच सोडायची असते. तुला माहीत नाही का? तू लहानपणी आत्याच्या वाफ्यातली सोडली होतीस, केसाला बांधायला पाहिजे म्हणून. केवढी मारली होती तुला."

आठवलं. खरंच मारलं होतं. मला वाटायचं केसांच्या फितीसाठी मारलं.

बांधायची कुणीही, कधीही, शंका आली तरी बांधायची. सोडायची मात्र बांधणाऱ्यानंच. दोन जणांत एक म्हणतो औषध मारलं आणि दुसरा म्हणतो नाही मारलं, तर मारलं असंच धरायचं, कोण आधी बोललं आणि कोण नंतर, याला काही अर्थ नाही. मी मेथीच्या बांधावर बसले होते. एवढं साधं होतं. माझ्या घरात होतं. मी ते शिकायला पुण्यात चार वर्षं राहिले आणि घरी विसरून गेले.

व्यवस्था पुन्हा आखली. फवारणीची नोंद आता कुणाच्याही नोंदीनं पुसली जात नाही. ज्यानं केली तोच ती मागे घेतो, नाहीतर औषधाचे ठरलेले दिवस भरावे लागतात. बाग आता गट नंबरवरून ओळखली जात नाही. फॉर्मवरचा "बागा किती" हा प्रश्न काढला आणि तिथे "चुली किती" असा घातला. पुण्याहून नवीन आलेली मुलं तो फॉर्म बघून हसतात. हसू देत. आणि मुकादमाच्या फोनवर एक लाल बटण दिलं. दाबलं की बाग बंद, मग पॅकहाउसचा पडदा काहीही म्हणो. सगळी केंद्रं बंद पडली तरी ते बटण चालतं. त्या बटणाची चाचणी मी दर महिन्याला करते. नवरा म्हणतो, गॅसचं एक बटण पुरत नव्हतं.

चौकोनांची भिंत अजून आहे. आता त्यात बाण बाणांना छेदतात आणि मी त्यांच्याकडे बघत चहा पीत नाही.

मला एवढं करून बरं वाटायला हवं होतं. वाटत नाही. व्यवस्था मोठी होत चालली आहे, यंदा आणखी दोन केंद्रं जोडली. प्रत्येक नव्या केंद्राबरोबर नवी माणसं येतात, त्यांच्या न बोललेल्या वाटण्या येतात, त्यांचे दुसरे चहा येतात. मी कुठला चहा प्यायले आणि मला कळला नाही, ते मला कळणार कसं? ते नंतर कळतं. कोणीतरी बांधावर आडवं झाल्यावर.

सोमवारी पहाटेच उठले. नकाशा उघडला. दौलतरावांची बाग हिरवी, रामनाथची लाल, मधे बारीक रेघ. बंद केला, पुन्हा उघडला. गॅस बघितला. वणीच्या वाटेवर थंडी होती, काचेवर दव होतं आणि मला ते दव आवडलं नाही.

टोळी बांधावर उभी होती. यंदा काही नव्या पोरी आहेत. शेवटच्या शेवग्याला चिंधी बांधलेली, पिवळी. रामनाथ पलीकडून हात हलवून म्हणाला, "म्याच बांधली ताई, परवा." फोनातही तसंच होतं. दौलतरावांनी चहा पाठवला, मग मंगलनं पाठवला. दोन्ही प्यायले.

सुंदराबाई पुढे झाली. आता ती चष्मा लावते. "काय म्हनतो तुमचा फोन?"

"हिरवं आहे. दौलतरावांची बाग मोकळी आहे."

ती पहिल्या ओळीत गेली, वाकली, पानाखाली हात घालून एक घड कात्रीनं कापला आणि माझ्यापुढे धरला. धुतला नाही. गेली पाच वर्षं ती हेच करते. त्या हंगामानंतर तिनं पहिला मणी कधी स्वतः चाखला नाही.

"खावा," ती म्हणाली.

मी खाल्ले. एक, दोन, सात-आठ. नव्या पोरी बघत होत्या.

"गोड आहे," मी म्हटलं.

"गोड हाय ते माला दिसतंय," सुंदराबाई म्हणाली. "बसा."

तिनं एक क्रेट उलटा घातला, मला त्यावर बसवलं आणि स्वतः समोर जमिनीवर बसली. रस्त्यावर गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. तिनं तिकडे मान वळवली नाही. दहा-बारा बायका हातात कात्र्या घेऊन गप्प उभ्या होत्या आणि माझ्या तोंडाकडे बघत होत्या. सुंदराबाईही बघत होती, माझे डोळे, माझे ओठ. जिभेवर गोडी होती. मला माझी प्रत्येक ओळ पाठ होती, प्रत्येक चाचणी मी स्वतः केली होती, आणि तरी मी त्या क्रेटवर बसून, त्या सगळ्यांसारखीच, माझ्या डोळ्यांतून पाणी येतं का याची वाट बघत होते.

अर्धा तास झाला तशी सुंदराबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"चला गं," ती टोळीला म्हणाली.